पदर डोक्यावर म्हणजे गुरुवार

आमच्या भागात साठीच्या पुढचा कुणीही माणूस धरा आणि जन्मतारीख विचारा, तो एक जून सांगेल. माझ्या नवऱ्याची एक जून, थोरल्या दिरांची एक जून, मधे एक नणंद आहे तिचीही एक जूनच. सासूबाईंनी तीन लेकरं वेगवेगळ्या साली पण नेमक्या त्याच दिवशी जन्माला घातली, असं कागद सांगतो. खरी गोष्ट अशी की पोरगं शाळेत घालायला नेलं की मास्तर त्याला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. हात कानाला टेकला की पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून तारीख एक जून. मायबापाला विचारायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही, कारण मायबाप सांगणार काय, तर ‘ज्वारी हुरड्यात होती तवा झालं’. त्यामुळे दरवर्षी एकतीस मेला आमच्या तालुक्यातले निम्मे मास्तर आणि कारकून एकदम निवृत्त होतात आणि दुकानात सत्काराच्या शाली मिळत नाहीत.

या एक जूननं आम्हाला फार हात दिला. माझा नवरा वसमतच्या एका शाळेत गणित शिकवायचा, पण तालुक्यात त्यांना कुणी गणिताचे सर म्हणत नाही. ते ‘वारवाले सर’. कुठलीही तारीख सांगा, ते डोळे मिटून, कपाळाला बोट लावून वार सांगणार. स्नेहसंमेलन असो, गणपती मंडळ असो, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न असो, आमच्या ह्यांना बोलावणं ठरलेलं. भर उन्हाळ्यात काळा कोट घालून ते स्टेजवर उभे राहायचे आणि मी माईक घेऊन लोकांत फिरायची. लोकांना वाटायचं यांना काहीतरी सिद्धी आहे. सिद्धी कसली, महिन्याचा एक आकडा, सालाचा एक आकडा, त्यात तारीख मिळवायची, सातानं भागायचं, उरेल तो वार. आणि निम्म्या लोकांची तारीख एकच असल्यावर तर तेवढंही नको. कोणत्या साली एक जूनला कोणता वार होता, एवढं पाठ केलं की मराठवाडा जिंकला. एकदा पुण्याला एका सोसायटीत कार्यक्रम केला, तिथं प्रत्येक माणूस वेगळी तारीख सांगायला लागला, तर ह्यांचा कोट आतून भिजला होता.

पण त्यांचा खरा नावाजलेला आयटम वेगळा होता, आणि त्यात मी होते. माणसानं पाटीवर खडूनं तारीख लिहायची, पाटी फक्त मला आणि लोकांना दाखवायची. हे लांब स्टेजवर, पाटीची मागची बाजू त्यांच्याकडे. मी एक शब्द बोलायचा नाही. आणि हे कपाळाला बोट लावून सांगणार, ‘बुधवार!’ मग टाळ्या. मोबाईल आले तशी पोरं लगेच तपासायला लागली, आणि मोबाईलनंही तेच सांगितलं की टाळ्या दुप्पट व्हायच्या. ‘सर मनातलं वाचतात’ असं लोक सांगत सुटले.

मनातलं कोण कशाला वाचतंय? वार मी काढायची. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला तो हिशेब शिकवला, आणि डाळ निवडता निवडता मी तो घोटला. काढलेला वार त्यांना कळवायच्या खुणा मीच ठरवल्या, बाईमाणसाच्या अंगावर कुणाला संशय येणार नाही अशा. पदर कमरेला खोचला की मंगळवार, कारण आमच्या गल्लीत मंगळवारी पाणी यायचं. मंगळसूत्र हातात धरलं की शुक्रवार. चष्मा वर केला की शनिवार. माईक डाव्या हातात गेला की बुधवार, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की सोमवार. गुरुवारी मी दत्ताच्या देवळात जायची, तेव्हा डोक्यावर पदर म्हणजे गुरुवार. आणि काहीच केलं नाही, नुसती उभी राहिले, तर रविवार. ह्यांना ते फार आवडलं होतं. म्हणाले, ‘‘रविवारी तुला सुट्टी.’’ संसारात तेवढीच एक सुट्टी मला मिळाली, तीही लोकांच्या तारखा पाहून.

तर असा आमचा जोडधंदा. शाल त्यांना, नारळ त्यांना, माझं नाव पत्रिकेत ‘सौ.’ एवढंच. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डबे करायचे असले की वाटण्याला फार वेळ मिळत नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग भाजी. मग एकदा सकाळी आंघोळ करून, खडूची डबी खिशात टाकून शाळेत निघाले. मी दारातून ओढून आत आणलं. नांदेडच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, हळू आवाजात सांगितलं की हा कमी होणारा आजार नाही, वाढणारा आहे. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. ते म्हणाले, ‘‘एक काम कर. दादाला कळू देऊ नको.’’

दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांनी चौथीत शाळा सोडली आणि गुरांमागे गेले, धाकटा शिकावा म्हणून. पावसाळ्यात नाला भरला की ह्यांना खांद्यावर बसवून पलीकडे शाळेत सोडायचे आणि संध्याकाळी पुन्हा आणायला उभे राहायचे. आजही गावात कुणी नवीन माणूस आला की दादा त्याला सांगणार, ‘‘माह्या भावाच्या डोक्यात कॅलेंडर हाय.’’ त्या कॅलेंडरची पानं गळायला लागलीत, हे त्या माणसाला सांगायचं कोणी? मी शब्द दिला. तेव्हापासून तो शब्द मीच वाहत होते.

कार्यक्रम तेव्हाच बंद करायला हवे होते. मुलगा पुण्याहून फोनवर तेच सांगायचा. पण मला एक दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं. घरी हे तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसायचे, चहा घेतला की नाही ते आठवायचं नाही. पण काळा कोट अंगावर चढला, समोर माणसं दिसली की पाठ ताठ व्हायची. स्वतः हिशेब करणं संपलं होतं. सातचा पाढाही अडकायचा. पण माझ्या खुणा त्यांना पक्क्या आठवायच्या. म्हणून मी तोंडी तारखांचा आयटम काढून टाकला आणि नुसती पाटी ठेवली. लोक म्हणायचे, वाढत्या वयात सरांची शक्तीही वाढली. मी मान डोलवायची.

आणि मी दमले होते. हे सरळच लिहिते. दिवसभर त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, गॅस बघायचा, दाराला आतून कुलूप घालायचं, आणि मग नटूनथटून माईक धरून हसत उभं राहायचं, डोक्यात हिशेब, हातात खूण, डोळा ह्यांच्यावर, की आता चुकतात की काय. कार्यक्रम संपला की मी दिसेल त्या खुर्चीत बसकण मारायची. ह्यांना वाटायचं मला उन्हाचा त्रास होतो. म्हणायचे, ‘‘पाणी पीत जा गं.’’

सगळ्या गावांत आम्ही कार्यक्रम केले, फक्त ह्यांच्या स्वतःच्या गावात नाही. डोंगरकडा नावाच्या गावाच्या पुढे आत ते गाव आहे. तिथून बोलावणं आलं की मी काहीतरी कारण काढायची. कारण उघड होतं. ते माझं सासर. तिथं माझा पदर डोक्यावरून खाली येत नाही. थोरल्या दिरांसमोर तर प्रश्नच नाही. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोललेले नव्हते आणि मीही त्यांच्याशी नाही. त्यांना चहा हवा असला की ते दाराकडे पाहून म्हणायचे, ‘‘चहा ठिवा म्हणावं.’’ मी दाराच्या आतून ठेवायची. अशा गावात पाटी घेऊन मी उभी राहिले तर आठवडाभर गुरुवारच.

पण गेल्या वर्षी गावच्या शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा ठरला, आणि फोन ह्यांनी उचलला. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. आत आले तर हे आरशासमोर केस विंचरत होते. म्हणाले, ‘‘गावाकडं कार्यक्रम हाय. दादा पहिल्या रांगेत बसणार.’’ कितीतरी दिवसांत त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. मला नाही म्हणवलं नाही.

मग मी खूण बदलायचं ठरवलं. म्हटलं, गुरुवारला पदर नको, रुमाल धरेन. रोज सकाळी शिकवायची, ‘‘रुमाल म्हणजे काय?’’ ‘‘गुरुवार.’’ दुपारी विचारलं की माझ्याकडे पाहत राहायचे. डोक्यावर पदर घेतला की मात्र लगेच, ‘‘गुरुवार!’’ जुनं सगळं पक्कं आणि नवं काही टिकायला तयार नाही. दोन-चार दिवसांनी मी रुमाल कपाटात ठेवून दिला आणि ठरवलं, की तिथं पदर खांद्यावरच ठेवायचा. नातवंडं झालेली बाई आहे मी, काय म्हणायचं ते म्हणू देत.

मेळावा शाळेच्या पटांगणात होता. मांडव, खुर्च्या, भोंगा, सगळं बराबर. दादा पुढच्या रांगेत, पांढरं धोतर, नवा फेटा, काठी दोन पायांत धरून. ऐंशीचे झालेत, पण बसणं अजून ताठ. मी त्यांच्याकडे पाठ करून बायकांच्या बाजूला गेले आणि पदर खांद्यावर टाकला. मागून कुजबूज झाली ती ऐकली. माझ्या चुलत जावेनं तोंडाला पदर लावला. मी पाटी पुढे केली.

पहिल्या चार-पाच तारखा सुरळीत पार पडल्या. एका मावशीनं एक जून लिहिली, एका मास्तरीणबाईनं खरी तारीख लिहिली, सरपंचांच्या सुनेनं आपल्या लग्नाची लिहिली. ती पोरगी शिकलेली, हातात मोबाईल घेऊनच बसली होती, प्रत्येक वेळी तपासून ओरडायची, ‘‘बराबर!’’ ह्यांचा आवाज भोंग्यातून असा येत होता, जणू काही झालंच नाही, डॉक्टर नाही, फोटो नाही. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात सरपंच उठून माईकवर म्हणाले, ‘‘आता दादांची तारीख! सख्ख्या भावाची!’’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या हातातून पाटी घेऊन दादांना दिली. दादांनी मांडीवर पाटी ठेवून सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं आणि उठले. पाटी दुसऱ्या कुणाकडे देतील असं मला वाटलं होतं. पण ते काठी टेकत स्वतः माझ्यासमोर आले आणि पाटी लोकांकडे वळवून धरली. एक जून एकोणीसशे पंचेचाळीस. शुक्रवार. हे साल मला पाठ होतं, हिशेबही लागत नव्हता. मंगळसूत्राला हात लावायचा, एवढंच काम होतं.

माझा हात वर गेला तो पदराकडे गेला. मी नेला नाही. दादा समोर हातभर अंतरावर उभे, आणि इतक्या वर्षांची सवय ती, हातानं पदर उचलला आणि डोक्यावर ठेवला. मग मी मंगळसूत्रही धरलं, घट्ट धरलं. पण ह्यांनी आधी पदर पाहिला होता.

‘‘गुरुवार,’’ भोंग्यातून आवाज आला.

सरपंचांच्या सुनेनं मोबाईल पाहिला, पुन्हा पाहिला. ‘‘सर, शुक्रवार दाखवून राहिलं हो.’’

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हे कपाळाला बोट लावून तसेच उभे होते, पण नजर माझ्याकडे, पदरावर, आणि चेहरा गोंधळलेल्या लेकरासारखा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यापासून लपवायचं म्हणून एवढी वर्षं जिवाचा आटापिटा केला, त्याच्याच पुढ्यात, आणि माझ्याच हातानं.

दादा वळले. त्यांना माईक लागत नाही.

‘‘मोबाईलला काय ठाऊक?’’ ते म्हणाले. ‘‘एक जून मास्तरनं टाकलेली. म्या काय एक जूनला झालो न्हाई. आमची माय सांगायची, थोरलं गुरवारी झालं. कोणालाच ठाऊक न्हाई ही गोष्ट. यानं मात्र सांगितलं.’’

पुढं काय झालं ते सांगायला नको. मांडव उठून उभा राहिला. खोट्या तारखेवरून खरा वार! असला चमत्कार कुणी पाहिला नव्हता. म्हातारी माणसं येऊन ह्यांच्या पाया पडायला लागली, ‘माह्या जन्माचा खरा वार सांगा सर’ म्हणून रांग लागली. सरपंचांनी शहाणपणानं कार्यक्रम संपवला आणि जेवणं सुरू केली. हे हसत होते. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिले.

जेवणानंतर आम्ही दादांच्या घरी गेलो. हे ओसरीवर बाजेवर आडवे झाले आणि लगेच झोपले. मी आत चहा ठेवला. दाराशी काठीचा आवाज आला. दादा उंबऱ्याजवळ उभे होते, आणि दाराकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

‘‘कवापासून हाय?’’ त्यांनी विचारलं.

मला आधी कळेचना की दादा मला विचारताहेत. मागे कुणी उभं आहे का, म्हणून मी वळून पाहिलं.

‘‘तिसरं वर्स,’’ मी म्हटलं. माझाही तो त्यांच्याशी पहिलाच शब्द.

‘‘फोनवर तेच तेच इचारायचा. मला वाटलंच व्हतं.’’ त्यांनी वळून ओसरीवर झोपलेल्या भावाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘एकटीच करून राहिली सगळं?’’

मी तोंडात पदर कोंबला तरी हुंदका बाहेर आलाच. चहा उतू गेला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, आत येऊन चुलीवरचं भांडं आपल्या हातानं उतरवलं आणि बाहेर निघून गेले. त्या घरात त्यांना स्वयंपाकघरात शिरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

उन्हं कलताना गावातल्या एका जीपनं आम्हाला वारंगा फाट्यावर सोडलं. वसमतची गाडी यायची होती. आम्ही खिचडीच्या हॉटेलात बाकड्यावर बसलो. रस्त्यानं ट्रक जात होते, धूळ उडत होती. ह्यांनी खिचडी मागवली आणि चमचा हातात घेऊन थांबले.

‘‘दादा खोटं बोलला,’’ ते म्हणाले.

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

‘‘मायला दादाच्या जन्माचा वार ठाऊकच नव्हता. मी शाळेत असताना तिच्या मागं लागायचो, सांग, दादा कोणत्या वारी झाला, मी कोणत्या वारी झालो. ती म्हणायची, लेकरू व्हताना वार बघत बसू का काय? मंग मीच हिशेब शिकलो. पर तारीखच खोटी, तर हिशेब काय कामाचा.’’ हे सगळं ते इतकं स्वच्छ बोलत होते की मला पुन्हा ते जुने सर समोर बसल्यासारखे वाटले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मी चुकलो. शुक्रवारच व्हता. तू पदर घेतला व्हता डोक्यावर.’’

‘‘व्हय.’’

‘‘आणि दादाला समजलं.’’

‘‘व्हय.’’

त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘‘बाकीचे वार? ते तरी मी काढतो का?’’

काय सांगायचं? खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं. मी ‘न्हाई’ अशी मान हलवली. ते रस्त्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता चिडतील, नाहीतर रडतील. आजारात दोन्ही होतं. पण ते माझ्याकडे वळले, माझ्या पायांकडे पाहिलं, चपलेच्या पट्ट्याखाली पाय सुजले होते ते पाहिलं.

‘‘दमलीस?’’

‘‘लई दमले,’’ मी म्हटलं.

‘‘मग आधी सांगायचं न्हाई का?’’ ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ‘‘बस आता. बंद करू हे. कोणी बोलावलं तर न्हाई म्हणून सांगायचं. मी म्हणून राहिलो असं सांग.’’

तिथं त्या धुळीत, पोरं खिचडीची ताटं आदळत होती आणि मी त्यांचा हात धरून बसले. माझ्या अंगातला सगळा शीण एकदम खाली उतरला असं वाटलं. गाडी आली, आम्ही चढलो, खिडकीशी त्यांना डुलकी लागली. घरी पोचलो, मी कुलूप उघडत होते, तेवढ्यात मागून ते म्हणाले, ‘‘दादाकडच्या मेळाव्याला काळा कोट इस्त्री करून ठेव बरं. दादा पहिल्या रांगेत बसणार हाय.’’

किल्ली कुलपात तशीच धरून मी उभी राहिले. फाट्यावरचं सगळं गेलं होतं. मेळावा विसरला, दादा बोलले ते विसरलं, माझी सुटका झाली होती तीही गेली. त्या बोलण्याला मी सोडून दुसरा साक्षीदार नव्हता. पुन्हा कोट इस्त्री करून उभी राहिले असते तरी मला कुणी विचारणारं नव्हतं. असं एक मन म्हणत होतं, आणि दुसरं म्हणत होतं, त्यांनी स्वतः म्हटलंय ना, शुद्धीवर असताना म्हटलंय, मग त्यांचा शब्द ठेवायचा.

मी ठेवला. कार्यक्रम बंद आहेत. दादा आता दर पंधरवड्याला एसटीनं येतात, दोन दिवस राहतात, भावाला धरून बाजारापर्यंत फिरवून आणतात. तेवढ्या वेळात मी पाय पसरून झोपते. माझ्याशी ते बोलतात, फार नाही, पण दाराशी बोलत नाहीत.

बोलावणी मात्र थांबलेली नाहीत, खोट्या तारखेवरून खरा वार सांगितल्यापासून उलट वाढलीच आहेत. फोन मी घेते. ‘‘सर आता कार्यक्रम करत नाहीत,’’ म्हणते. हे ऐकत असतात.

‘‘काहून न्हाई म्हणालीस?’’

‘‘तुमीच म्हणाले, बंद करू.’’

‘‘मी म्हणालो? काहून?’’

‘‘मी दमले होते म्हणून.’’

मग ते हातातला पेपर खाली ठेवतात, माझ्याकडे नीट बघतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. ‘‘मग आधी सांगायचं न्हाई का?’’ म्हणतात. हे एक वाक्य ऐकायला उभ्या संसारात माझे कान आसुसले होते. आता ते मला दिवसाआड ऐकायला मिळतं. आणि दरवेळी मी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगते, कारण त्यांना दरवेळी पहिल्यांदाच वाईट वाटतं.